खर्जेराव नावाचा पुरुष

या, पुढे सरका. मागे भिंतीला टेकून बसलेल्यांनीही या, जागा पुष्कळ आहे. एक गोष्ट सांगायची आहे आणि ती ओरडून सांगण्यासारखी नाही. एका सात वर्षांच्या मुलीची आणि तिला सांभाळणाऱ्या काकूंची गोष्ट. त्या दोघींच्या घरात एक पुरुष शिरला आणि त्याच्यापायी दोघींची ताटातूट व्हायची वेळ आली. हसू आलं तर खुशाल हसा. देवाला हसणारी माणसं आवडत असावीत, नाहीतर त्यानं आपल्याला इतके घोळ घालायची अक्कल दिली नसती.

मुलीला सगळे भिंगरी म्हणत, कारण ती एका जागी बसत नसे. तिची आई मनानं आजारी होती, दूरच्या एका रुग्णालयात होती, आणि बरी होण्याची चिन्हं डॉक्टरांनाही दिसत नव्हती. असं झालं म्हणजे मुलांचं कार्यालय मध्ये पडतं आणि लेकराला सांभाळायला एखादं चांगलं घर शोधतं. मूल कुठं राहायचं याचा शेवटचा शब्द मात्र समितीचा. भिंगरीला मिळालं ते काकूंचं घर. काकू एकट्या, पन्नाशीच्या, पुस्तकांची बांधणी करणाऱ्या. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत पुस्तकं दाबायचं लोखंडी यंत्र, दोऱ्याची रिळं, पुठ्ठ्यांची चवड आणि खळीचं पातेलं. वर्षभरात भिंगरी पानं क्रमानं लावायला शिकली होती आणि काकू घट्ट वेणी घालायला. दोघींचीही सुरुवातीला फार रडारड झाली होती, पण आता कामं जमत होती.

हे सगळं नीट चाललंय की नाही, ते बघायला कार्यालयातल्या ताई महिन्यातून एकदा येत. बावीस वर्षं त्या हेच काम करत होत्या. मुलाला समोर बसवून "बाळ, तू इथं आनंदात आहेस ना?" असं विचारलं की मूल मान डोलावतं आणि खोटं बोलतं, हे त्या पहिल्याच वर्षी शिकल्या होत्या. म्हणून त्यांच्या पिशवीत एक करडा लोकरी मोजा असे. त्याला बटणांचे दोन डोळे, एक मोठा, एक लहान. हात आत घातला की मोज्याला तोंड यायचं आणि ताईंच्या पोटातून असा जाड आवाज निघायचा की शेजारच्या खोलीतला माणूस दचकावा. आवाज खर्जातला, म्हणून मोज्याचं नाव खर्जेराव.

खर्जेरावांशी मुलं बोलत. जे आईला सांगितलं नाही, बाईंना सांगितलं नाही, ते त्या मोज्याच्या कानात सांगत. त्यासाठी ताईंनी दोन नियम घालून दिले होते आणि पहिल्याच भेटीत त्या प्रत्येक मुलाला ते सांगत. एक, खर्जेरावांच्या कानात सांगितलेलं ताई ऐकणार नाहीत. मूल कुजबुजायला लागलं की ताई मान वळवून देवाचं एखादं पद गुणगुणत, चांगलं दोन कडवी. दुसरा नियम जास्त महत्त्वाचा. कुणी मारत असेल, दुखवत असेल, नको तिथं हात लावत असेल, तर ती गोष्ट खर्जेरावांच्या पोटात टिकत नाही. त्यांना ओकारी होते आणि ते ताईंना सांगून टाकतात. म्हणून कुजबुज संपली की खर्जेराव विचारायचे, "पोटात ठेवू की ओकू?" आणि मूल मोठ्यानं उत्तर द्यायचं. बावीस वर्षांत अकरा मुलांनी "ओक" म्हटलं होतं, आणि त्या अकरा जणांची घरं ताईंनी त्याच दिवशी बदलली होती.

पण हे कुठल्याही कागदावर नव्हतं. सरकारी कामात मोज्याचं नाव कसं घालणार? ताई अहवालात लिहायच्या, "मुलीशी खेळातून संवाद साधला." झालं. बावीस वर्षं तेवढ्यावर भागलं.

मग कार्यालयात यंत्र आलं.

काडेपेटीएवढं, गळ्यात अडकवायचं. घरभेटीला जाताना चालू करायचं, सगळ्यांना दाखवायचं, विचारायचं, आणि मग आपलं बोलत राहायचं. यंत्र ऐकतं, कोण काय बोललं ते वेगळं काढतं, आणि तुम्ही परत खुर्चीत बसेपर्यंत अहवाल लिहून तयार. कार्यालयानं त्याला दोन दिवसांत नाव दिलं, चित्रगुप्त. ताईंनी आधी नाक मुरडलं. पण महिन्याभरात त्याच म्हणू लागल्या की हा मेला माझ्यापेक्षा शुद्ध लिहितो. खरं सांगायचं तर त्यानं त्यांना फार सुख दिलं. पूर्वी एका भेटीचा अहवाल लिहायला दीड तास जायचा. आता तोच दीड तास त्या मुलांजवळ बसत. कुणाचा अभ्यास बघत, कुणाच्या बाहुलीचं लग्न लावत. यंत्र शिकवायला आलेल्या मुलीनं मात्र दोन गोष्टी तीनतीनदा बजावल्या होत्या. यंत्र सगळ्यांना दिसेल असं ठेवा. आणि सही करण्याआधी अहवाल शेवटपर्यंत वाचा.

आता सोमवारची भेट ऐका. ताई काकूंकडे गेल्या. यंत्र दाखवलं, भिंगरी "चालेल" म्हणाली. पण त्याचा लाल दिवा लुकलुकत होता आणि भिंगरीची नजर त्यावरून हलेना. खर्जेरावांशी बोलायचं सोडून ती दिव्याशीच डोळे मिचकावत बसली. तेव्हा ताईंनी काय केलं असेल? खर्जेरावांनी "हाऽऽम" करून तोंड उघडलं आणि यंत्र गिळून टाकलं! भिंगरी खदखदून हसली. यंत्र मोज्याच्या आत, ताईंच्या तळहातावर. मग गप्पा रंगल्या. खर्जेराव म्हणाले, "भूक भागली नाही, तुझा कान खाऊ का?" भिंगरी म्हणाली, "कान नको, कानात ऐक." ती कुजबुजली, ताईंनी मान वळवून दोन कडवी म्हटली, मग "पोटात ठेवू की ओकू?", मग "पोटातच ठेव. आणि हे काकूला सांगू नकोस." काकू तेव्हा आतल्या खोलीत चहा गाळत होत्या.

मंगळवारी ताईंच्या टेबलावर नऊ अहवाल वाट बघत होते. आठ त्यांनी शेवटपर्यंत वाचले. नववा काकूंच्या घरचा. तिथं काय असणार, सगळं छानच तर होतं, असं म्हणून त्यांनी सही ठोकली आणि पुढच्या भेटीला पळाल्या.

गुरुवारी दुपारी मोठ्या बाईंनी, म्हणजे कार्यालयाच्या प्रमुखांनी, त्यांना आत बोलावलं. दार लावून घेतलं.

"ताई, काकूंच्या घरात कोण राहतं?"

"काकू आणि भिंगरी."

"आणि खर्जेराव?"

मोठ्या बाईंनी अहवाल पुढे सरकवला. त्यात लिहिलं होतं: भेटीच्या वेळी चार व्यक्ती उपस्थित. चौथी व्यक्ती खर्जेराव नावाचा पुरुष, वय अंदाजे पंचावन्न, आवाज जड. कार्यालयाकडे नोंद नाही. आपणास भूक लागल्याचे सांगून त्याने मुलीचा कान खाण्याची इच्छा व्यक्त केली. ओकारीचा उल्लेख केला. मद्यपानाची शक्यता तपासावी. मुलीने त्याच्या कानात काही सांगितले व ते काकूंना न सांगण्याची विनंती केली. कुजबुज असल्याने शब्द अहवालात घेतलेले नाहीत, ध्वनिमुद्रण उपलब्ध आहे.

आणि अगदी खाली, बारीक अक्षरात: चौथ्या व्यक्तीची ओळख पटलेली नाही, सही करण्यापूर्वी कृपया खात्री करावी.

त्याच्याखाली ताईंची ठसठशीत सही.

"अहो, तो मोजा आहे!" ताई म्हणाल्या.

"काय आहे?"

ताईंनी पिशवीतून खर्जेरावांना काढलं आणि टेबलावर ठेवलं. मोठ्या बाईंनी एकदा मोज्याकडे पाहिलं, एकदा ताईंकडे, आणि मग त्या इतक्या हसल्या की त्यांना चष्मा काढून ठेवावा लागला. पण हसू ओसरलं तसा त्यांचा चेहरा पुन्हा कामाचा झाला.

"ताई, अहवाल काल समितीकडे गेलाय. त्यांचं पत्रसुद्धा आलं. घरात नोंद नसलेला पुरुष, आणि मूल त्याच्याशी गुपितं बोलतंय. उद्या अकराला सुनावणी, आणि मुलीला दुसऱ्या घरी हलवायची तयारी ठेवा म्हणतायत. पुरुष नाही, मोजा आहे, हे मी त्यांना पटवीन. पण ते वाक्य मोजा झाला म्हणून पुसलं जात नाही. मुलगी काकूंपासून काहीतरी लपवतेय. काय, ते तुम्हाला माहीत आहे?"

"नाही."

"मग ऐका ना. हे काय, इथं आहे. बटण दाबलं की झालं."

ताईंचा हात बटणापर्यंत गेला आणि परत आला.

"ते मला सांगितलेलं नाही, बाई."

"मग कुणाला सांगितलंय?"

"खर्जेरावांना."

"ताई, बावीस वर्षं नोकरी झाली तुमची!"

"म्हणूनच. मी ऐकत नाही, एवढ्याच भरवशावर मुलं बोलतात. तिनं 'ओक' म्हटलं असतं तर मी त्याच मिनिटाला ऐकलं असतं. मला आज संध्याकाळपर्यंत वेळ द्या. मी तिलाच विचारते."

"आणि ती नाही म्हणाली तर?"

"तर समिती ऐकेल, ते मला ठाऊक आहे. पण निदान तिला आधी कळलेलं असेल."

मोठ्या बाईंनी मोजा उचलून त्यांच्या हातात दिला. "जा. आणि जिना सावकाश चढा, तुमचा श्वास कसा लागतो ते मला माहितेय."

काकूंनी दार उघडलं तेव्हा त्यांचे दोन्ही हात कोपरापर्यंत खळीनं माखले होते. ताईंनी उंबऱ्यातच सगळं सांगून टाकलं. पुरुषाचं ऐकून काकू म्हणाल्या, "माझ्या घरात पुरुष? अहो, मग मला तरी भेटवायचा होता! पंधरा वर्षं तो वरचा माळा साफ करायला कुणी मिळत नाहीये." पण समितीचं पत्र ऐकल्यावर त्या तशाच मागे फिरल्या. त्या पुन्हा टेबलापाशी जाऊन उभ्या राहिल्या आणि आधीच चिकटवलेल्या पुठ्ठ्याला पुन्हा खळ लावू लागल्या.

भिंगरी खिडकीत बसून पानं लावत होती. ताई तिच्याजवळ जमिनीवर बसल्या. त्यांनी मोजा हातात घातला नाही, मांडीवर ठेवला.

"आज खर्जेराव का बोलत नाहीत?"

"आज मला बोलायचंय. माझी चूक झाली, भिंगरी. ते यंत्र खर्जेरावांच्या पोटात होतं ना, त्यानं तुझी कुजबुज ऐकली. मी ऐकलेली नाही. पण तू काहीतरी सांगितलंस आणि काकूंना सांगू नकोस म्हणालीस, एवढं कागदावर गेलं. ते वाचून काही मोठ्या माणसांना काळजी वाटतेय."

"म्हणजे खर्जेराव चुगलखोर आहे!"

"ते नाहीत. मी विसराळू आहे."

भिंगरीनं पानांचा गठ्ठा खाली आपटला. "मग आता सगळे ऐकणार?"

"मी तुला खोटं सांगणार नाही. उद्या समितीतली माणसं बहुतेक ऐकतील. ते थांबवणं माझ्या हातात नाही. कुणी आधी ऐकायचं, कुणी सांगायचं, एवढंच तुझ्या हातात ठेवता येईल. म्हणून पळत आले."

भिंगरीनं पानं उचलून पुन्हा एकेक क्रमानं लावली. एका जागी इतका वेळ बसलेलं तिला काकूंनी कधी पाहिलं नव्हतं. मग ती म्हणाली, "त्यांच्या आधी काकूनं ऐकायचं. त्या माणसांनी आधी ऐकलं आणि काकूला मग कळलं, तर ते चालणार नाही."

"मग तू सांग ना तिला."

"मी नाही. मला लाज वाटते."

आणि तिनं ताईंच्या मांडीवरून मोजा ओढला, स्वतःचा हात आत घातला. हात लहान, मोजा खांद्यापर्यंत चढला. घसा खाकरून, जमेल तेवढा आवाज जाड करून, खर्जेराव टेबलापाशी गेले आणि म्हणाले, "ओ काकू, खाली वाका."

काकू वाकल्या. ताईंनी मान वळवली आणि सवयीनं गुणगुणायला लागल्या. पण दोन खोल्यांचं घर ते, आणि सात वर्षांच्या पोरीची कुजबुज, ती कितीशी लपणार?

"तिला तुम्हाला आई म्हणायचंय. पण तुम्ही नको म्हणाल म्हणून ती म्हणत नाही. आणि तिची ती आई आहे ना, दवाखान्यातली, ती रागावेल. तिला वाटेल, मी बरी व्हायच्या आतच हिनं दुसरी केली."

ऐकणाऱ्यांनो, याच वाक्यापायी घर मोडायची वेळ आली होती.

काकू तशाच वाकून उभ्या. दोन्ही हात खळीनं भरलेले, म्हणून हवेत धरलेले. पोरीला जवळ घ्यावं तर कपडे चिकटणार, केस चिकटणार. "थांब, थांब, हात धुते," असं त्या म्हणत राहिल्या आणि जागच्या हलल्याच नाहीत. शेवटी भिंगरीच त्यांच्या पोटाला बिलगली.

"आई म्हण," काकू म्हणाल्या. "दिवसातून शंभरदा म्हण. मी कंटाळले तर सांगेन."

"आणि ती?"

"तिनं तुला जन्म दिला म्हणून तू मला मिळालीस. ती रागावली तर मी तिच्या पाया पडेन. बस?"

"खरंच पडशील?"

"खरंच. माझे गुडघे दुखतात, तू धर म्हणजे झालं."

खर्जेरावांच्या अंगाला खळ लागली होती, भिंगरीच्या वेणीलाही. ताईंचं पद कधीच संपलं होतं. त्या भिंतीकडे तोंड करून नुसत्या बसल्या होत्या आणि त्यांना वळायचं भान नव्हतं.

शुक्रवारी अकराला समितीसमोर सगळे हजर. समितीचे अध्यक्ष एक निवृत्त डॉक्टर, ऐंशीच्या घरातले, त्यांना सगळे आजोबा म्हणत. त्यांनी कागद पाहून विचारलं, "हे खर्जेराव आले आहेत का?" ताईंनी त्यांना टेबलावर ठेवलं. खळ वाळून ते ताठ झाले होते, बसल्या जागी उभे राहिले. आजोबांनी गंभीरपणे त्यांचा मोठा डोळा तपासला, मग लहान. कुणी हसायचं धाडस केलं नाही.

मग ध्वनिमुद्रणाचा प्रश्न आला. भिंगरीनं तिची अट सांगितली. काकूनं ऐकलंय, आता एकानंच ऐकायचं, आणि त्यानं हसायचं नाही. आजोबा म्हणाले, "मंजूर." कानाला यंत्र लावून त्यांनी ऐकलं. ऐकताना त्यांनी डोळे मिटले. झाल्यावर यंत्र काढून जपून टेबलावर ठेवलं, उपरणं नव्हतं म्हणून बाहीनंच डोळे पुसले आणि म्हणाले, "यात तपासण्यासारखं काही नाही. मुलगी आहे तिथंच राहील."

काकूंनी भिंगरीला उचलून घेतलं. गुडघ्यांचं नंतर आठवलं.

ताईंना मात्र सोडलं नाही. यंत्र लपवलं, अहवाल न वाचता सही केली, अशी दोन कलमी ताकीद त्यांना लेखी मिळाली, आणि ती त्यांनी मान खाली घालून घेतली. रास्तच होती. चित्रगुप्तानं तर खात्री करा म्हणून विनवलं होतं. वाचायचं काम माणसाचं होतं.

पण त्या ताकिदीतून एक गंमत निघाली. मोठ्या बाईंनी यंत्रवाल्यांना सांगून अहवालात एक नवी जागा करून घेतली, "खेळातली पात्रं". भेटीच्या सुरुवातीलाच यंत्राला सांगायचं, आज माझ्यासोबत अमुक अमुक आहे, त्याला माणूस धरू नकोस. आणि त्या आठवड्यात उघडकीला आलं की कार्यालयातल्या प्रत्येकाच्या पिशवीत कुणी ना कुणी राहत होतं. एका कडक शिस्तीच्या दादांकडे बोलणारी छत्री निघाली. कामावर नव्यानं लागलेल्या मुलीकडे आमटी वाढायचा एक लाकडी डाव होता, तो मुलांची गाऱ्हाणी ऐकून रडायचा. इतकी वर्षं सगळे आपापलं पात्र लाजून लपवत होते, आणि आता एकमेकांना दाखवत होते. दादांची छत्री तर सगळ्यांसमोर उघडायलाच लाजली, असं दादा म्हणाले. ताई आता शेवटची ओळ बोट ठेवून वाचतात. "बोल रे बाबा, तुझी काय शंका आहे," असं पुटपुटत.

भिंगरीनं ताईंना एक काम सांगितलं. आईला विचारून या. ताई रुग्णालयात गेल्या. ती बाई खिडकीशी बसली होती, केस कुणीतरी नीट विंचरून दिले होते. ताईंनी यंत्र आणलं नव्हतं, मोजाही नाही. त्यांनी सांगितलं, तुमची लेक पानं लावायला शिकली, तिला दात आला, ती एका बाईंना आई म्हणू लागली आहे, तुम्ही रागावाल का, असं तिनं विचारलंय. ती बाई काही बोलली नाही. तिला कळलं की नाही, तेही ताईंना सांगता येत नाही. निघताना तिनं ताईंच्या ओढणीचं टोक धरलं आणि बराच वेळ सोडलं नाही, एवढंच. ते ताईंनी भिंगरीला जसंच्या तसं सांगितलं, वर आपलं काही घातलं नाही.

आता उठा, घरी जा, जेवा, मुलांना थोपटून निजवा. पण देवापुढे हात जोडाल तेव्हा त्या खिडकीतल्या बाईला तेवढं आठवा. तिच्या मुलीला दुसऱ्या घरात आई मिळाली, ही गोष्ट तिच्यापर्यंत पोचावी आणि पोचली तर तिला गोड लागावी, एवढं तिच्यासाठी मागा.